सदाची बेचकी

“डावीकडे सहा, उजवीकडे दोन! लिही, केतकी, लिही! मेरा मुँह क्या देख रही है?”

हा आवाज हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरून आला तेव्हा मी खाली फाटकाशी रिक्षातून उतरत होतो. रिक्षावाल्यानेसुद्धा मान वर करून पाहिलं. (वाढवून सांगतोय. मी दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात होतो. पण रिक्षावाल्यानेही ऐकला असता, असाच तो आवाज होता.) आदल्या दिवशी ज्याचं पोट उघडून सर्जनने आत पाहिलं, मान हलवली आणि काहीही न काढता परत शिवून टाकलं, त्या माणसात एवढा आवाज कुठून उरला होता देव जाणे. तो माणूस म्हणजे डॉ. सदाशिव लोंढे, भूलतज्ज्ञ. ग्वाल्हेरात आजवर जेवढ्यांची ऑपरेशनं झाली त्यांतल्या निम्म्यांना यानेच झोपवलं असेल आणि, जास्त महत्त्वाचं म्हणजे, यानेच उठवलं असेल. माझा गोरखीच्या शाळेपासूनचा मित्र. सहा आणि दोन हे त्याच्या दुखण्याचे आकडे होते. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे यापुढे दुखण्याला जागाच नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या उशाशी उभं राहून “किती दुखतंय, आकडा सांगा” म्हणणारा माणूस आता स्वतः आडवा होऊन स्वतःच्या विद्यार्थिनीला आकडे ओरडून सांगत होता. एक कमी नाही, एक जास्त नाही.

मी खोलीत शिरलो. डॉ. केतकी, त्याच्या हाताखाली तयार झालेली, दर्पण कॉलनीत त्याच्याच गल्लीत वाढलेली, हातात कागद घेऊन उभी होती आणि तिच्या हनुवटीचं कापरं थांबत नव्हतं. पलंगाच्या कठड्याला मोसंबीएवढा एक पारदर्शक फुगा लटकत होता. त्यात बधिर करणारं औषध भरलेलं असतं. फुगा आपला आपण हळूहळू आक्रसतो आणि औषध पुढे ढकलतो. त्यातून एक नळी निघत होती, वीतभर खाली येऊन तिचे दोन फाटे होत होते, आणि ते दोन फाटे पोटाच्या टाक्यांच्या दोन्ही बाजूंनी, चादरीखाली, दोन बारीक तारांसारख्या नळ्यांना जाऊन मिळत होते. पोटाच्या दुखण्याची खबर मेंदूकडे नेणाऱ्या नसा दोन्ही बाजूंनी येतात, तेव्हा औषधही दोन्हीकडे सारखंच जायला हवं. गलोलीची बेचकी असते ना, अगदी तसा त्या नळीचा आकार. सदा तिला बेचकीच म्हणायचा.

ती बेचकी बघितली आणि मी दारातच थबकलो. डावीकडे सहा का आहे, हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं.

हे सगळं नीट सांगायचं तर मला आधी माझ्याबद्दल सांगावं लागेल, आणि ते काम मी आयुष्यभर मोठ्या हौसेने केलेलं आहे. माझं नाव गजानन. आमचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून इकडे आले आणि मी शेतात ठिबकच्या नळ्या बसवतो. घराण्याची घसरण एवढ्या एका वाक्यात आटोपते. शाळेत मी पुढच्या बाकावरच्या पोरांना सांगायचो, की गोरखी वाड्याच्या आवारातून किल्ल्यावर जाणारं भुयार मी स्वतः पाहिलंय, त्यात हत्ती आडवा झोपलाय, आणि मी त्याच्या पोटावरून चालत गेलो. सगळी पोरं आ वासून ऐकायची. सदा तेवढा विचारायचा, “किती पावलं?” अरे, हत्तीवरून चालणारा माणूस पावलं मोजतो का? पण तो पुढच्या रविवारी मला पायी किल्ल्यापर्यंत घेऊन गेला, वाटभर पावलं मोजली, आणि वर पोहोचल्यावर शांतपणे म्हणाला, “गजा, तू मधल्या सुट्टीत जाऊन आलास म्हणतोस. मधली सुट्टी एवढी मोठी नसते.” बस. त्याने दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. त्याला फक्त स्वतःपुरतं कळायला हवं होतं.

पुढे एका मुंजीत मी चाळीस बेडया, म्हणजे आमच्याकडच्या डाळीचं सारण भरलेल्या पुऱ्या, खाल्ल्याचं जाहीर केलं. सदा उठला, मुदपाकखान्यात गेला, वाढप्याकडे चौकशी केली आणि परत येऊन म्हणाला, “पाच.” त्या दिवशी त्याने हिशेब पक्का केला: गजा जो आकडा सांगेल त्याला आठाने भागायचं. या आठाचा त्याने जन्मभर वापर केला. माझ्या लग्नात वरातीला दोनशे माणसं होती म्हटलं की तो पंचवीस धरायचा, आणि तेवढीच निघायची! माझी बायको मंदा लग्न होऊन आली तेव्हा त्याने तिला पहिली भेट काय दिली, तर हा आठ दिला. “वहिनी, संसारात उपयोगी पडेल.” चंबळच्या बीहडातल्या, त्या मातीच्या घळींतल्या, एका शेतकऱ्याकडे माझ्या ठिबकवर सोळा हात लांब भोपळा धरला, हे मी चारचौघांत सांगायला लागलो की मंदा स्वयंपाकघरातून ओरडायची, “दोन हात!” आणि सदा चहाच्या कपामागे हसू लपवायचा. त्याचं हसू बघायला मिळावं म्हणून मी कित्येक आकडे उगाच फुगवले आहेत... हे आता कबूल करायला हरकत नाही.

बेचकीचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते माझ्याच नळ्यांच्या दुकानात. वस्तू नवी नव्हती. मोठ्या शहरांत असे फुगे आणि असे फाटे लावतात, त्याने वाचलं होतं, पाहिलंही होतं. पण तो सदा होता. एक नळी दोन ठिकाणी फुटली म्हणजे औषध अर्धं अर्धं होतंच, हे त्याला कुणीतरी मोजून दाखवायला हवं होतं. एका दुपारी कूलरसमोरच्या स्टुलावर बसून तो म्हणाला, “गजा, तुझा धंदाच हा आहे. एका नळाचे दोन नळ केलेस तर दोघांना सारखं पाणी मिळतं का?”

“अजिबात नाही,” मी म्हटलं. धंद्याच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. शेतकरी काठी घेऊन येतो. “पाणी आळशी आहे, सदा. जिकडे सोपं तिकडे जातं. एक ओळ भुसभुशीत जमिनीत, दुसरी चिकणमातीत, की भुसभुशीत वाली सगळं पिऊन टाकते आणि दुसरी वाळते. उघड्यावर धरलेली प्रत्येक नळी प्रामाणिक असते. मातीत पुरली की मग कळते.”

“मग तू काय करतोस?”

“दोन्ही फाट्यांच्या तोंडाशी सारख्याच अरुंद भोकाचं बोंड बसवतो. एवढं अरुंद, की पाण्याला तिथेच घाम फुटतो. मग पुढे माती कशी का असेना, फरक पडत नाही. दोघांनाही बोंडातून जाईल तेवढंच.”

सदाने ते वहीत लिहून घेतलं. माझं वाक्य! माझं वाक्य डॉक्टरच्या वहीत! त्यानंतर मी आठवडाभर लष्कर भागातल्या निम्म्या दुकानदारांना सांगत होतो, की हल्ली शहरातली ऑपरेशनं माझ्या सल्ल्याने होतात.

मग रविवार सुरू झाले. दर्पण कॉलनीतल्या त्याच्या घराच्या गच्चीत कपडे वाळत घालायच्या दोरीला फुगा टांगायचा, खाली काचेची दोन मापं, पाण्यात कुंकवाची चिमूट, म्हणजे दिसायला सोपं. फाटे हॉस्पिटलमध्ये मिळतात तेच, बंद पाकिटातले. माझ्या दुकानातल्या नळीला त्याने हातसुद्धा लावला नाही. शैलावहिनी, त्याची बायको, कढीभाताला बोलावून बोलावून दमायच्या आणि शेवटी ताटं गच्चीतच आणून ठेवायच्या. थेंब मोजणं हा माझ्यासारख्या माणसाला केवढा छळ आहे, तुम्हीच विचार करा. पण दोन्ही मापं सारखीच भरायची. रविवारमागून रविवार, सारखीच. सदा खूश व्हायचा आणि लगेच उदास व्हायचा. “उघड्यावर आहे रे. उघड्यावर प्रामाणिकच असणार, तूच म्हणालास. माणसाच्या आत काय होतं ते माणसानेच सांगायला हवं. आणि माणसं खरं सांगत नाहीत. कुणी डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून कमी सांगतात, कुणी सून ऐकत असेल तर जास्त सांगतात.” बोंडाच्या नळ्या मागवायच्या तर बाहेरून मागवाव्या लागणार होत्या, आणि त्या लागतातच असं सिद्ध झाल्याशिवाय त्याला त्या मागवायच्या नव्हत्या.

आणि मग देवाने, जो माझ्यापेक्षाही चहाटळ असावा, माझ्याच आतड्याला पीळ पाडला.

ते पोटात दुखणं मी सांगायला लागलो तर पुरवणीची सगळी पानं लागतील. थोडक्यात, मला उचलून नेलं, पोट उभं कापलं, पीळ सोडवला. भूल अर्थात सदाने दिली आणि टाके घालून झाल्यावर दोन्ही बाजूंना नळ्या सरकवून त्यांना बेचकी जोडली. साधी, बोंडाशिवायची. मी शुद्धीवर आलो तेव्हा तो उशाशी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा आला, वही घेऊन. खोलीत मंदा होती, दोन्ही मुलं होती, मेहुणा होता, आणि शेजारच्या खाटेवरचा म्हाताराही माझ्या गोष्टी ऐकून ऐकून माझ्याकडे कुशीवर वळून झोपायला लागला होता. थोडक्यात, माझी सभा भरलेली होती.

“गजा,” सदा म्हणाला, “आता नीट ऐक. उजवीकडे किती, डावीकडे किती, वेगवेगळं सांग.”

उजवीकडे खरंच काही नव्हतं. एक म्हणा. डावीकडे मात्र कुणीतरी लोखंडी पंजाने आतून माती उकरत होतं. खोकला आला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. आठ. माझ्या चाळीस बेडयांसारखा फुगवलेला आठ नव्हे. सदाने मोजून घेतलेल्या पाचासारखा खरा आठ. मी तोंड उघडलं, आणि सदाचा चेहरा पाहिला. शाळेत गणिताचा पेपर परत मिळायच्या आधी त्याचा असा चेहरा व्हायचा. एवढे रविवार, एवढे थेंब, तो एवढासा होऊन वाट बघत होता... आणि मी म्हटलं, “शून्य! दोन्हीकडे शून्य! अरे, शून्याच्या खाली काही असेल तर ते लिही. नाचू का?” सभा हसली. म्हातारा तर एवढा हसला, की सिस्टर रागावली.

सदा हसला नाही. “घाम का आलाय तुला?”

“सकाळी सकाळी तुझं तोंड बघितल्यावर दुसरं काय येणार?”

“गजा. हे चेष्टेचं नाही. मला खरं सांग.”

“सदा, तुझी शपथ.”

त्याने लिहिलं. मला वरून आकडा दिसला, दोन सुबक शून्यं शेजारी शेजारी. मी आयुष्यात जे जे सांगितलं त्याला त्याच्याकडे उतारा होता. पण शून्याला आठाने भागलं तरी शून्यच येतं. बाहेर जाताना तो मंदाला म्हणाला, आणि तिने मला ते कौतुकाने येऊन सांगितलं, “गजा गप्पा मारतो, वहिनी, पण मी विचारल्यावर खोटं बोलणार नाही.”

तीन दिवस मी दात आवळून पडलो होतो. चौथ्या दिवशी नळ्या काढल्या, हळूहळू दुखणं गेलं, आणि दुखणं गेलं की माणूस ते विसरतो. सदा दुकानात येऊन म्हणाला, “तुझी जमीन वेगळी आणि माणूस वेगळा, बरं का. माणसाच्या आत बोंडाची गरज पडत नाही. साधी बेचकी पुरते.” मी म्हटलं, “मग! मी म्हणत नव्हतो?” मी तसं कधीच म्हणालो नव्हतो. बोंडाच्या नळ्यांचा विषय तिथेच मिटला.

मधे चार-पाच पेशंटना बेचकी लागली. कुणी म्हणालं ठीक आहे, कुणी म्हणालं एका बाजूला जरा कमी वाटतंय. मग आमच्या चित्रकलेच्या बाई आल्या. गोरखीच्या शाळेत त्यांनी आम्हा दोघांना शिकवलं होतं, मला कागदाच्या कडा सांभाळून रंगव म्हणायच्या आणि सदाने हाताने ओढलेली रेघ सगळ्या वर्गाला दाखवायच्या, “हा हात बघा, याला फूटपट्टी नको.” आता त्या ऐंशीच्या पुढे होत्या आणि पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. सदाने दोन्ही बाजूंना नळ्या स्वतः बसवल्या, कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी बाई डावीकडे धरून कण्हत होत्या. त्यांच्याकडे सभा नव्हती. त्यांनी जेवढं होतं तेवढं सांगितलं. “सदाशिव, इकडे फार दुखतंय रे.” त्याने दुसरी औषधं दिली, डावी नळी काढून पुन्हा नव्याने बसवली, पुन्हा तेच. पूर्ण एक दिवस गेला त्यात. बाई बऱ्या होऊन घरी गेल्या, त्याला आशीर्वाद देऊन गेल्या, पण त्या दिवसाचं त्याच्या मनातून गेलं नाही.

तो दुकानात आला, स्टुलावर बसला आणि दोन्ही हात कूलरच्या हवेत पुढे धरून त्यांच्याकडे बघत राहिला. उजवा किंचित थरथरत होता. साठी उलटलेल्या कुणाचा थरथरत नाही? माझा तर चहाचा कप धरताना तबला वाजवतो.

“माझा हात गेला, गजा.”

“काहीतरीच काय?”

“नळी बरोबर आहे. तुझ्यावर तपासलेली आहे, दोन्हीकडे शून्य. मग उरलं काय? सुई चुकली. नसेच्या जागी गेलीच नाही. एकदा नाही, दोनदा. बाईंच्या बाबतीत. त्या चार-पाच जणांचंही तसंच असणार. ते बोलले नाहीत एवढंच.”

वाचकहो, तेव्हा बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. दुकानात कुणी नव्हतं, मंदा नव्हती, हसायला म्हातारा नव्हता. सदा, डावीकडे आठ होतं. एवढंच. माझ्या जिभेने आयुष्यात हत्ती झोपवले, भोपळे ताणले, आणि तेवढे तीन-चार शब्द तिला उचलेनात. मला वाटलं, आज सांगितलं तर तो एवढंच विचारेल, की बाईंच्या आधी का नाही सांगितलंस? मी म्हटलं, “अरे यार, चहा घे,” आणि चहा मागवला.

त्यानंतर सदाने नसांची भूल देणं सोडून दिलं. ज्याच्या हाताला फूटपट्टी नको होती तो माणूस सुई केतकीच्या हातात द्यायचा आणि स्वतः पेशंटच्या डोक्याशी बसून मॉनिटर बघायचा. लोक म्हणायचे, डॉक्टरसाहेब आता नव्यांना संधी देतात, केवढं मोठं मन! मीही म्हणायचो. गणपतीत आरतीचं तबक त्याच्याकडे आलं, की तो ते पटकन पुढे द्यायचा. कापराची ज्योत हलते आणि लोकांना दिसते म्हणून. हे शैलावहिनींच्या लक्षात आलं होतं. त्यांनी मला एकदा विचारलं, “भाऊजी, ह्यांना काय झालंय? काही बोलले का तुमच्याशी?” मी म्हटलं, “वहिनी, वय झालं आपलं.” दरवेळी मी ठरवायचो, पुढच्या वेळी. किती वेळा ठरवलं ते आठाने भागू नका. जेवढं सांगेन त्याहून जास्तच भरेल.

मग कावीळ झाली. साधी म्हणता म्हणता साधी निघाली नाही. सदाला रिपोर्ट वाचता येत होते, त्यामुळे त्याच्यापासून लपवायची सोय नव्हती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याने केतकीला बोलावून सांगितलं, माझ्या नळ्या तू बसवायच्या, वही कपाटात आहे, तीत सगळं लिहिलंय, तसंच कर. तिने तसंच केलं. साधी बेचकी.

आणि म्हणून डावीकडे सहा, उजवीकडे दोन.

तो ओरडून थकला. डोळे मिटून पडून राहिला, कपाळावर घाम. केतकी कागद तिथेच ठेवून बाहेर गेली. मी तिच्यामागे व्हरांड्यात गेलो. भिंतीकडे तोंड करून ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. “काका, मी सगळं सरांच्या वहीप्रमाणेच केलं. नळी तर ठीक आहे, सरांनी टेस्ट केलेली आहे. मतलब माझंच चुकलं. सरांच्याच बाबतीत माझा हात...”

तेच शब्द. तसाच हात पुढे धरलेला. माझ्या डोळ्यांदेखत ते दुसऱ्यांदा घडत होतं, आणि ही मुलगी तर जेमतेम पस्तिशीची. मी म्हटलं, “पोरी, तुझा हात ठणठणीत आहे. नळी चुकीची आहे. उजवी बाजू सगळं पितेय आणि डावी कोरडी पडतेय. शेतात अशा वेळी मी पिणारी ओळ बंद करतो, म्हणजे दुसरीला मिळतं.” तिने माझ्याकडे पाहिलं. रडू थांबलं आणि डॉक्टर जागी झाली. ती आत गेली, उजव्या फाट्यावरची चिमटी दाबली, डावीकडे सिरिंजने हळूहळू औषध सोडलं, आणखीही काय काय केलं ते मला कळलं नाही. मी दारात उभा होतो. थोड्या वेळाने सदाच्या भुवयांमधली गाठ सुटली. “डावीकडे?” तिने विचारलं. “तीन,” तो पुटपुटला. पायथ्याशी बसलेल्या शैलावहिनी देवाला हात जोडून बाहेर गेल्या, घरी फोन करायला. केतकी खिडकीशी बसून कागद भरत होती. मी स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसलो.

पुढचं मी शोकसभेत सांगितलं तसंच इथे सांगतो. मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हटलं, “सदा, माझ्या वेळी डावीकडे आठ होतं. खरं आठ. मी खोटं बोललो. नळी चुकीची होती. बाईंच्या वेळीही नळीच चुकीची होती. तुझा हात कधीच गेला नव्हता. इतकी वर्षं तुला मी तसं वाटू दिलं.” सगळं सांगितलं, शपथेसकट. तेव्हा सदाने माझा हात दाबला. ओठांच्या कोपऱ्यात तेच हसू आलं, चहाच्या कपामागचं, आणि डोळे न उघडता तो म्हणाला, “आठ? मग एक धरतो.” त्यानंतर तो नीट शुद्धीवर आलाच नाही. संध्याकाळी ताप चढला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी शैलावहिनींचा फोन आला. त्या नुसतं “भाऊजी...” म्हणाल्या, आणि मी दुकानाचं शटर ओढलं.

शोकसभेत हे ऐकून सगळं सभागृह रडलं. लोक येऊन माझे हात धरत होते; तुम्ही भाग्यवान, शेवटच्या क्षणी मन मोकळं करता आलं, मित्राने हसत माफ केलं, असं कुणाला मिळतं? मीही मान डोलावत होतो. पण सांगताना मला जाणवत होतं, की हे दर वेळी जरा जास्त चांगलं होतंय. घरी मंदाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याने फक्त हात दाबला होता. मुलांना फोनवर सांगताना हसू आलं. “एक धरतो” हे तो कधी म्हणाला, ते मला नक्की आठवेना. आणि मग हात दाबला होता का, हेही आठवेना. मी धरला होता तो हात, हे खरं. ऊन होता, हे खरं. बाकीचं कुणाला विचारायचं? ज्याला विचारलं असतं, तोच मोजून सांगणारा होता.

सभागृह रिकामं होत होतं. केतकी दाराशी चपला घालत होती. मी तिला गाठलं. म्हटलं, “केतकी, तू होतीस ना तिथे खिडकीशी? मी बोलत होतो तेव्हा. सदाने ऐकलं ना? हात दाबला ना माझा?”

तिने पर्समधून स्कूटरची किल्ली काढली.

“नाही काका. मी इंजेक्शन दिलं होतं. सर तर त्याच्या आधीच झोपून गेले होते.”